लहानसहान सुखांचा हिशेब

पूर्ण सुखी असा माणूस या जगात कोण आहे, हा प्रश्न समर्थ रामदासांनी मनाच्या श्लोकांत आपल्याच मनाला विचारून ठेवला आहे. त्याचे उत्तर आपणां सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तो मी पुन्हा विचारीत नाही. परंतु प्रश्न थोडा बदलून पाहावा. "आज सकाळपासून आतापर्यंत तुम्हांला कशाकशाने बरे वाटले?" असे एखाद्या गृहस्थाला विचारले, तर प्रथम तो गोंधळतो, "विशेष असे काही नाही" म्हणतो, आणि मग त्याला हळूहळू एकेक गोष्ट आठवू लागते. पहाटेचा आल्याचा चहा. थांब्यावर जाताच आलेली बस. कुंडीत फुललेला मोगरा. दोन दिवस हरवलेली किल्ली जुन्या सदऱ्याच्या खिशात सापडणे. उन्हातून घरी आल्यावर माठातले पाणी. दुपारी लागलेली अर्ध्या तासाची डुलकी. सासरी गेलेल्या मुलीचा फोन. यादी लांबतच जाते, आणि ज्याला तो गृहस्थ 'विशेष काही नाही' म्हणत होता त्यातच त्याच्या दिवसाचे बहुतेक सुख सामावलेले होते, असे दिसून येते.

१८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवर धर्म, अर्थकारण, स्वराज्य, विज्ञान अशा भारदस्त विषयांची चर्चा होत आली आहे. त्या पंक्तीला माठ आणि मोगरा आणून बसविणे हे थोडे धारिष्ट्याचेच म्हणावयाचे. पण या विषयाची उपेक्षा जुनी आहे. तैत्तिरीय उपनिषदात आनंदाचे मोजमाप केलेले आहे. तेथे मानवी आनंदाचे मूळ माप म्हणून कोण घेतला आहे? जो तरुण आहे, सुशील आहे, विद्वान आहे, बळकट आहे, आणि द्रव्याने भरलेली सारी पृथ्वी ज्याच्या मालकीची आहे, असा पुरुष! त्याच्या आनंदाच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा, अशा पायऱ्या चढत चढत ते मोजमाप ब्रह्मानंदापर्यंत जाते. म्हणजे शिडीची पहिली पायरीच इतकी उंच, की आपल्यासारख्यांचा पाय तिला लागणे कठीण. त्या पायरीच्या खाली, जमिनीवर जी सुखे विखुरलेली आहेत, ती मोजण्याच्या भानगडीत पूर्वी फारसे कोणी पडले नाही.

हल्ली मात्र ती मोजली जात आहेत. एड डीनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. माणूस स्वतःला सुखी म्हणवितो, ते त्याच्या सुखाच्या प्रसंगांची तीव्रता किती यावर फारसे अवलंबून नसते. असे प्रसंग किती वेळा येतात, यावर अधिक असते. आयुष्यात एकदाच हर्षाने वेडा होणारा माणूस आणि रोज चार वेळा बरे वाटणारा माणूस यांत दुसऱ्याचे पारडे जड ठरते. एवढे मान्य केले, की लहान सुख ही क्षुल्लक बाब राहत नाही. घरखर्चाचा हिशेब जसा सोन्याच्या बांगडीपेक्षा दूध-भाजीवर जुळतो, तसाच हा हिशेब आहे.

ही सुखे कशी उत्पन्न होतात आणि कशामुळे नाहीशी होतात, हे आज पाहावयाचे आहे. त्यासाठी मी चार मराठी म्हणींचा आधार घेणार आहे. म्हणी जुन्या आहेत. त्यांना पुष्टी देणारे प्रयोग मात्र गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांतले आहेत.

पहिली म्हण: भुकेला कोंडा, निजेला धोंडा.

खरी भूक लागली म्हणजे कोंडाही गोड लागतो, आणि खरी झोप आली म्हणजे उशाला दगडही चालतो. सुख वस्तूत किती आणि आपल्यात किती, याचा निवाडा या चार शब्दांत झालेला आहे. मिशेल काबानाक या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १९७१ साली हाच निवाडा प्रयोगाने सिद्ध केला. त्याने माणसांना कधी थंड तर कधी गरम पाण्याच्या टाकीत बसविले आणि त्यांचा हात निरनिराळ्या उष्णतेच्या पाण्यात बुडवून कसे वाटते ते विचारले. अंग गारठलेले असता जे गरम पाणी हाताला अत्यंत सुखद वाटले, तेच पाणी अंग तापलेले असता नकोसे झाले. साखरेच्या पाण्याचेही तसेच; उपाशीपोटी गोड, आणि भरपूर पोटात गेल्यावर नकोसे. पाणी तेच, साखर तीच. बदलली ती शरीराची गरज. शरीराला जे हवे असते ते मिळाल्याची पावती म्हणजे सुख, असे म्हणावयास हरकत नाही.

माठातल्या पाण्याचेच उदाहरण घेऊ. माठ कच्च्या विटेसारखा सच्छिद्र असतो. त्याच्या अंगातून पाणी पाझरते आणि बाहेरच्या हवेत उडून जाते. उडून जाताना प्रत्येक ग्रॅम पाणी सुमारे ५८० कॅलरी उष्णता बरोबर नेते. एक लिटर पाणी १० अंशांनी थंड व्हावयाचे, तर निदान १७ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन-चार चमचे, पाणी उडून जावे लागते. हवा कोरडी असेल तर हे काम झपाट्याने होते; म्हणूनच देशावर वैशाखात माठ जितका गार होतो तितका कोकणच्या दमट हवेत होत नाही. ही झाली माठाची कहाणी. आता पिणाऱ्याची ऐका. तहानलेला माणूस दोन घोट घेतो आणि "हाश्श" म्हणतो. त्या क्षणी त्याच्या रक्तात त्या पाण्याचा थेंबही पोहोचलेला नसतो. रक्तात फरक पडावयास दहा-पंधरा मिनिटे लागतात. मग तहान भागली ती कोणाची? २०१६ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की तहानेची जाणीव उत्पन्न करणाऱ्या मेंदूतील पेशी पाणी पिऊ लागल्यापासून मिनिटभरातच शांत होतात. तोंड आणि घसा यांनी वर्दी दिली, एवढ्यावर मेंदू पुढचे अनुमान करून समाधान पावतो. तो 'हाश्श' म्हणजे भविष्यावर काढलेली हुंडी आहे. परंतु ती काढण्यापूर्वी तहान लागलेली असावी लागते, हे विसरून चालत नाही.

आणि येथेच सोयी-सुविधांनी भरलेल्या आपल्या घरांचे एक विचित्र संकट सुरू होते. तहान लागण्यापूर्वीच बाटली हाताशी, भूक लागण्यापूर्वीच चिवड्याचा डबा समोर, कंटाळा येण्यापूर्वीच मोबाइल खिशात. गरजेला वर येण्याची उसंतच मिळत नाही, आणि मग ती भागल्याचे सुखही मिळत नाही. "आमच्या वेळी साध्या भाकरीला काय चव असे!" असे म्हातारी माणसे म्हणतात, तेव्हा ती भाकरीच्या पिठाची तारीफ करीत असतात असे त्यांना वाटते. पुष्कळदा ती शेतात सहा तास केलेल्या कामाची असते.

दुसरी म्हण: नव्याचे नऊ दिवस.

इलिनॉय या अमेरिकन संस्थानातील लॉटरीची मोठी बक्षिसे मिळालेल्या २२ माणसांच्या मुलाखती ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतल्या आणि त्यांची तुलना तशाच वस्तीतील साध्या माणसांशी केली. १९७८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. विजेते शेजाऱ्यांपेक्षा फारसे अधिक सुखी आढळले नाहीत, हा त्यातला भाग पुष्कळांच्या कानांवर आला असेल. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा भाग. मित्राशी बोलणे, न्याहारी करणे, विनोद ऐकणे, मासिक वाचणे, कोणी वाखाणणी करणे, अशा रोजच्या गोष्टींतून किती सुख मिळते, हे त्या सर्वांना विचारले होते. विजेत्यांना या गोष्टींत इतरांहून कमी गोडी वाटत होती. मोठ्या बक्षिसाने लहान सुखांचा भाव पाडला होता. हा अभ्यास मोजक्या माणसांचा होता, हे खरे. स्वीडनमधील लॉटरी विजेत्यांच्या मोठ्या पाहणीत पैशामुळे एकूण आयुष्याविषयीचे समाधान वाढते आणि ते वर्षानुवर्षे टिकते, असे पुढे आढळले. ती पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. तेव्हा पैशाने काहीच होत नाही, असा वैराग्याचा आव आणण्याचे कारण नाही. पण आयुष्याविषयी समाधान ही एक गोष्ट, आणि सकाळच्या न्याहारीची चव ही दुसरी.

नवेपण का ओसरते, याची थोडी उकल वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांनी केली. माकडाला फळाच्या रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला, की त्याच्या मेंदूतील डोपामिन नावाचे द्रव्य सोडणाऱ्या पेशी जोराने चेतत. पुढे रसापूर्वी दिवा लावण्याचा क्रम ठेवला. माकडाला त्याची सवय झाल्यावर पेशी दिवा लागताच चेतू लागल्या, आणि प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा मुळीच हलल्या नाहीत. दिवा लागून रस मिळाला नाही, तर मात्र त्या नेहमीपेक्षाही मंदावल्या. १९९७ साली या प्रयोगांचा अर्थ असा लावण्यात आला, की या पेशी सुख मोजीत नसून अपेक्षेहून अधिक मिळाले की उणे, एवढेच मोजतात. अपेक्षेइतकेच मिळाले तर त्यांच्या लेखी काही घडलेच नाही. सरकारी कचेरीत वेळेवर होणारी पगारवाढ आठवावी, म्हणजे माकडाची स्थिती ध्यानात येईल.

मग यावर उपाय काय? रोज नवी वस्तू आणणे हा बाजाराने सुचविलेला उपाय आहे. तो खर्चिक आहे आणि त्याचेही नऊच दिवस. दुसरा उपाय म्हणजे खंड पाडणे. २०१३ साली क्वाडबाक आणि डन या दोन संशोधकांनी काही माणसांना चॉकलेट खावयास दिले आणि मग त्यांचे तीन गट केले. एका गटाला आठवडाभर चॉकलेट वर्ज्य, दुसऱ्याला हवे तितके खाण्यास भरपूर दिलेले, तिसऱ्याला काहीच सूचना नाही. आठवड्याने पुन्हा तेच चॉकलेट दिले तेव्हा ज्यांनी ते सोडले होते त्यांनीच ते सर्वांत चवीने खाल्ले. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे सोडणाऱ्या आपल्या आज्यांनी हा हेतू मनात धरला होता, असे मी म्हणणार नाही. त्यांचा हेतू पुण्याचा होता. पण कार्तिकात वांग्याचे भरीत पुन्हा पानात पडे, तेव्हा त्या वांग्याला जी किंमत येई, ती त्या चार महिन्यांमुळेच. आंब्याचेही तसेच आहे. बाराही महिने आंबा मिळू लागला, तर पहिल्या पेटीभोवती घर गोळा होणार नाही.

पहिल्या पावसाच्या वासात हा खंडाचा न्याय निसर्गानेच पाळलेला आहे. १९६४ साली इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी या वासाला 'पेट्रिकोर' असे नाव दिले. कोरड्या दिवसांत वनस्पतींतून व हवेतून येणारी तेलकट द्रव्ये माती आणि दगड शोषून घेत असतात. ओलावा लागताच ती बाहेर पडतात, असे त्यांनी दाखविले. त्यात मातीतील सूक्ष्म जीव तयार करतात त्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याची भर पडते. आपले नाक या द्रव्याला इतके तिखट आहे, की एक लाख कोटी भाग पाण्यात पाच-दहा भाग असले तरी ते ओळखते. थेंब मातीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते सोड्याच्या पेल्यातल्यासारखे वर येऊन फुटतात आणि वास हवेत उधळतात. हे २०१५ साली अतिशीघ्र कॅमेऱ्याने टिपले गेले. कनौजचे अत्तरकार हा वास चंदनाच्या तेलात धरून मातीचे अत्तर कधीपासूनच करीत आले आहेत. कोरडा काळ जितका लांब, तितका साठा मोठा. श्रावणातल्या विसाव्या सरीला तो वास येत नाही, कारण मातीजवळ द्यावयास काही साठलेलेच नसते. सुखाला उन्हाळा लागतो, हे माती आपल्याला दर वर्षी शिकविते.

तिसरी म्हण: मन चिंती ते वैरी न चिंती.

वैरीही चिंतणार नाही इतके वाईट आपले मन आपल्याविषयी चिंतीत असते. गरज आहे, खंडही पडला आहे, वस्तूही समोर आली आहे. पण मन तेथे नाही, तर सुख कोणाला व्हावयाचे? हार्वर्ड विद्यापीठातील किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी मोबाइलचा एक चांगला उपयोग केला. २,२५० माणसांना दिवसातून कोणत्याही वेळी अवचित विचारावयाचे: या क्षणी आपण काय करीत आहात, मन कामात आहे की दुसरीकडे, आणि कसे वाटते आहे? २०१० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या गोष्टीत नव्हते. ते बाहेर भटकत असे तेव्हा माणसे कमी सुखी असत. मन सुखद गोष्टींकडे गेले असले, तरीसुद्धा हातातल्या कामात असलेल्या मनापेक्षा ते अधिक सुखी नव्हते. आणि माणूस कोणते काम करतो आहे यापेक्षा त्याचे मन कोठे आहे, यावरून त्याच्या सुखाचा अंदाज अधिक चांगला बांधता येत होता.

याचा अर्थ मनाने कधी भटकूच नये, असा नव्हे. भटकणाऱ्या मनानेच माणूस उद्याची बेगमी करतो आणि कविताही त्यालाच सुचतात. पण चहाचा पेला उचलताना हिशेबाची वही, जेवताना दूरदर्शन आणि मुलाशी बोलताना मोबाइल, असा क्रम पडला की तिन्ही सुखे पदरात पडूनही सांडतात. अंगणात रांगोळी काढणारी बाई पाहावी. ठिपक्यांवर नजर ठेवून चिमटीतून रांगोळी सोडणे हे काम असे आहे, की मनाला दुसरीकडे जाऊ दिले तर रेघ चुकते. म्हणून ते दहा मिनिटांचे काम पुष्कळ बायकांना दिवसभराच्या धावपळीत विसाव्यासारखे वाटते. तबल्याचा रियाज, सायकलची दुरुस्ती, गजरा ओवणे, बुद्धिबळाचा डाव, यांचीही जात तीच. हात आणि नजर यांना एकत्र बांधणारे काम मनाला घरी आणते.

चौथी म्हण: एक तीळ सात जणांनी वाटून खावा.

अंकगणिताच्या दृष्टीने ही म्हण तोट्याची आहे. सातवा हिस्सा तीळ कोणाच्या दाढेलाही लागणार नाही. पण २००८ साली एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग पाहावा. ४६ माणसांना सकाळी एकेक पाकीट दिले. कोणाच्यात पाच डॉलर, कोणाच्यात वीस. संध्याकाळपर्यंत ते खर्च करावयाचे. काहींनी स्वतःसाठी, काहींनी दुसऱ्यासाठी. संध्याकाळी विचारले तेव्हा दुसऱ्यासाठी खर्च करणारे अधिक आनंदात होते. आणि पाच मिळाले की वीस, याने काही फरक पडला नव्हता. तिळाचा आकार गौण, वाटणे मुख्य.

हसण्याचेही तसेच. रॉबर्ट प्रोव्हाइन या संशोधकाने विद्यार्थ्यांकडून हसण्याची रोजनिशी लिहवून घेतली. माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे तीसपट तो सोबतीत हसतो, असे आढळले. पुढे त्याने लोकांच्या बोलण्यातील १,२०० हशांची नोंद केली, आणि हशापूर्वी जे वाक्य बोलले गेले ते पाहिले. जेमतेम १० ते २० टक्के वाक्ये विनोदी म्हणण्याजोगी होती. बाकीची साधीच होती. "बरे, येतो मी" किंवा "हा बघा आला" या मासल्याची. माणसे विनोदाला हसतात त्यापेक्षा माणसांना अधिक हसतात. कट्ट्यावरच्या गप्पा घरी येऊन सांगू लागले, तर त्यात हसण्यासारखे काय होते हे घरच्यांना कळत नाही, त्याचे कारण हेच आहे.

या चैत्रात घरोघरी होणारे हळदीकुंकू आठवा. दोन-चार कैऱ्या, पायलीभर हरभऱ्याची डाळ, थोडा गूळ, वेलदोडे आणि भिजवलेले हरभरे, एवढ्या सामग्रीत आळीतल्या चाळीस बायकांना आंब्याची डाळ आणि पन्हे मिळते. खर्च नाममात्र, आणि चाळीस जणींची भेट. लहान सुखाचे चारही नियम येथे एकत्र आलेले आहेत. उन्हाची तलखी आहे, म्हणून पन्हे गोड लागते. वर्षातून एकदाच महिनाभर ते होते, म्हणून शिळे होत नाही. आरास पाहावयाची असते, म्हणून नजर आणि मन जागेवर असते. आणि ते एकटीने करावयाचे नसते.

येथेच हा लेख संपविला असता, तर तो गोड झाला असता. पण पुरा झाला नसता. कारण याच हळदीकुंकवाला आळीतल्या काही बायकांना पिढ्यान्पिढ्या बोलावणे नव्हते. नवरा वारला की कुंकू, बांगड्या आणि वेणीतले फूल जात असे, आणि त्यांबरोबर चैत्रातले पन्हेही. सुख लहान म्हणून त्याचा नकारही लहान, असे कोणाला वाटले तर त्याने त्या घराच्या मागल्या दारी उभ्या राहिलेल्या बाईकडे पाहावे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर गावांनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. कुंकवाची टिकली आणि बांगडी यांसाठी ग्रामपंचायतीला ठराव करावा लागतो, यावरून त्या टिकलीचे वजन ध्यानात यावे.

ओंजळभर पाणी ही तर त्याहून लहान गोष्ट. ती ओंजळ भरण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, आणि त्या तळ्याच्या पाण्यावरील हक्काचा उच्च न्यायालयातील निर्णय १९३७ साली लागला. रविवारची सकाळ घ्या. उशिरा उठणे, सावकाश चहा, मुलांशी दोन शब्द, यांहून साधे सुख कोणते? मुंबईच्या गिरणी कामगारांना ती सकाळ नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा भरविल्या, अर्ज केले, सह्या गोळा केल्या. तेव्हा १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आपण रविवारी कूस बदलून पुन्हा झोपतो, त्या झोपेमागे सहा वर्षांची खटपट आहे.

म्हणून 'भुकेला कोंडा' ही म्हण भरल्या पोटाने उपाशी माणसाला ऐकवावयाची नाही. खंड सुखद असतो तो स्वेच्छेने पाडलेला. लादलेला खंड हे दैन्य होय. चार दिवस चॉकलेट सोडणाऱ्याला त्याची गोडी वाढल्याचा अनुभव येतो, पण ज्याच्या नळाला चार दिवस पाणी नाही त्याला पाण्याचे तत्त्वज्ञान सांगणे ही क्रूर थट्टा आहे. लहान सुखांची थोरवी सांगणाऱ्याने त्याच तोंडाने मजुरी, पाणी आणि सुटी यांचीही मागणी केली पाहिजे. नाही तर त्याचे व्याख्यान म्हणजे सुखी माणसांची करमणूक ठरेल.

आणि ही विषमता शोधावयास फार दूर जावे लागत नाही. पुष्कळ घरांत सकाळचा चहा सर्वांना गरम मिळतो. जिने केला तिचा पेला ओट्यावर निवत असतो. पोळी सर्वांना तव्यावरून पानात. करणारी शेवटी बसते तेव्हा डब्यातली. रविवार लोखंड्यांनी गिरणीत आणला. तो अजून पुष्कळ स्वयंपाकघरांत पोहोचलेला नाही. हे बदलावयास ठराव लागत नाही आणि सहा वर्षेही लागत नाहीत.

तैत्तिरीय उपनिषदाच्या त्या उंच शिडीजवळ एक गोष्ट सांगावयाची राहिली होती. पहिली सोडून पुढच्या प्रत्येक पायरीवर ऋषी एक पुस्ती जोडतात, की हाच आनंद कामनेने न पछाडलेल्या श्रोत्रियालाही मिळतो. म्हणजे शिडी चढण्याखेरीज दुसरी वाट आहे, हे त्यांना ठाऊक होते. आपण श्रोत्रियही नाही आणि निष्काम तर नाहीच नाही. पण भूक लागेपर्यंत थांबणे, अधूनमधून खंड पाडणे, समोर आलेल्या पेल्याकडे लक्ष देणे आणि त्यातला थोडा दुसऱ्याला देणे, एवढे आपल्या आवाक्यातले आहे. आज घरी गेल्यावर दिवसभरात आपल्याला कशाने बरे वाटले याची यादी प्रत्येकाने अवश्य करावी. मात्र ती झाल्यावर घरातल्या प्रत्येकालाही हाच प्रश्न विचारावा, आणि ज्याची यादी सर्वांत आखूड निघेल त्याच्यासाठी उद्या सकाळी आपण उठून चहा करावा.